आकड्याचं माहेर शोधा: खाणप्रकल्प तपासायचा कसा

फीजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे खाण परवडेल का हे सांगणारा कंपनीचा अहवाल, हातात आला की नवखा माणूस आधी सारांश वाचतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच करायचे. सारांश नेहमी देखणा असतो. २२ वर्षं पैसे देणाऱ्यांसाठी खाणप्रकल्प तपासायचं काम करतेय, रडका सारांश अजून एकही पाहिलेला नाही. आता मी आधी आर्थिक मॉडेलची फाईल उघडते आणि नफा नेमक्या कोणत्या आकड्यांच्या खांद्यावर बसलाय ते बघते. असे आकडे बारा-पंधराच्या वर नसतात. खनिज किती टन, ग्रेड (म्हणजे त्यातलं धातूचं प्रमाण) किती, घनता किती, खाणीच्या भिंतीचा उतार किती अंशांचा, ओअरबरोबर (धातू असलेल्या खनिजाबरोबर) किती फुकटचा दगड मिसळून येणार, प्लांटमधून किती टक्के धातू हाती लागणार, प्लांट वर्षाला किती तास चालणार, टेलिंग्ज, म्हणजे धातू काढून उरलेला चिखल, कुठे आणि किती उंच रचणार. मग पाणी, वीज, भाव.

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येकाचं माहेर शोधत निघायचं. मॉडेलमध्ये हा आला कुठून? रिपोर्टमधून. रिपोर्टमध्ये? कुण्या कन्सल्टंटच्या मेमोतून. त्याच्याकडे? असं मागे मागे गेलं की शेवटी एक माणूस सापडतो, ज्याने स्वतःच्या हाताने काहीतरी मोजलेलं असतं. कधी कधी सापडतच नाही, आणि ते कळलं तरी त्या दिवसाचा पगार वसूल झाला असं मी समजते. तांत्रिक ड्यू डिलिजन्स, पैसे घालण्याआधीची ही तपासणी, म्हणजे माझ्या लेखी मुख्यतः हा उलटा प्रवास.

प्रत्येक आकड्यापुढे मी तीनपैकी एक खूण करते. 'पा' म्हणजे मी पाहिलं, 'सां' म्हणजे मला कुणी सांगितलं, 'गृ' म्हणजे गृहीत धरलं. पहिल्या दिवशी वही 'सां'ने भरलेली असते. ही खूण मी कशी शिकले ते पुढे येईल. त्यात माझी शोभा नाही, पण सांगायला हवं.

निघण्याआधी

डेटा रूममध्ये, म्हणजे कंपनीने तपासणीसाठी उघडलेल्या कागदपत्रांच्या संग्रहात, शेकडो फाईल असतात आणि हवी ती नेमकी नसते. मी ठरलेल्या गोष्टी मागते: ड्रिलिंगचा मूळ डेटाबेस, कोअरचे (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दांड्यांचे) फोटो, धातू-चाचणीचे मूळ अहवाल, पिझोमीटरची (आतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाची) रीडिंग, टेलिंग्ज बांधाचं मूळ डिझाइन आणि तो प्रत्यक्षात जसा बांधला गेला त्याची ड्रॉइंग. लॅबची सर्टिफिकेटं मात्र कंपनीकडून घेत नाही. कंपनीने लॅबला परवानगीचं पत्र द्यायचं आणि लॅबने ती थेट मला पाठवायची. मग डेटाबेसमधल्या शंभरेक ओळी सर्टिफिकेटांशी ताडून बघायच्या. काम कंटाळवाणं आहे, पण एकदा दशांशचिन्ह एक घर सरकलेलं सापडलं की कंटाळा पळतो. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते. जे मागितल्यावर तीन दिवसांत येत नाही, ते बहुतेक वेळा अस्तित्वातच नसतं.

साठ्याचे तक्ते वाचताना वर्गाकडे लक्ष द्या. साठा कसा जाहीर करायचा याची ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता १९८९ मध्ये आली, कॅनडाचा ४३-१०१ हा नियम २००१ मध्ये, आणि इतर देशांच्या संहिताही त्याच घडणीच्या आहेत. रिसोर्स, म्हणजे जमिनीत असल्याचा अंदाज केलेला साठा, खात्रीच्या चढत्या क्रमाने तीन प्रकारचा असतो, इन्फर्ड, इंडिकेटेड आणि मेझर्ड. खाणकाम, प्रक्रिया, खर्च, परवाने हे सगळं लावून जो उरतो तो रिझर्व्ह, प्रॉबेबल किंवा प्रूव्ह्ड. इन्फर्डमधून थेट रिझर्व्ह होत नाही, कारण तिथली ड्रिलची भोकं इतकी विरळ असतात की मधल्या जागेत काय आहे याचा अंदाजच असतो. हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही उत्पादनाचं वर्षवार वेळापत्रक उघडून पहिल्या चार-पाच वर्षांत इन्फर्ड टन किती आहेत ते मोजा. कर्ज त्याच वर्षांत फिटायचं असतं, आणि कर्ज फेडायला अंदाज चालत नाही.

रिपोर्टखाली सही करणाऱ्याला जॉर्कच्या भाषेत कॉम्पिटंट पर्सन म्हणतात. त्या प्रकारच्या साठ्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव त्याला हवा. सोन्याच्या शिरांवर आयुष्य काढलेल्या माणसाची सही लॅटराइटमधल्या निकेलवर असेल, तर त्याला फोन करा. मी विचारते, "साइटवर किती दिवस होतात?" एका दिवसाचं उत्तर मी बऱ्याचदा ऐकलंय.

कोअर शेड

साइटवर पोचल्यावर चहापाणी, स्वागत, प्रेझेंटेशन वगैरे होतं. ते होऊ द्यावं, पण अर्धा दिवस त्यात घालवू नये. मी थेट कोअर शेडमध्ये जाते. कोणत्या भोकांच्या पेट्या बघायच्या ते मी आदल्या रात्री ठरवते आणि सकाळी सांगते. त्यांनी आधीच मांडून ठेवलेल्या पेट्या देखण्या असतातच. मला सगळ्यात चांगल्या दोन, सगळ्यात वाईट दोन आणि मधल्या कोणत्याही तीन भोकांच्या पेट्या हव्या असतात.

पेटीत काय बघायचं? कोअर पूर्ण आहे का, की मीटरभराच्या खणात साठ सेंटिमीटरच आलाय? नेमक्या ग्रेड असलेल्या भागातच कोअर गहाळ असेल, तर मऊ खनिज पाण्याबरोबर वाहून गेलंय आणि उरलेल्या कडक तुकड्यांचा निकाल अख्ख्या मीटरच्या नावावर लागलाय. लॉगमध्ये लिहिलेला खडक आणि डोळ्यांना दिसणारा खडक एकच आहे का? आणि करवतीने उभा चिरलेला अर्धा कोअर पेटीत शिल्लक आहे ना?

हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये त्याच एका प्रश्नाने पुढचं महाभारत टळलं असतं. ब्रे-एक्स ही कॅनेडियन कंपनी तिथे सुमारे ७ कोटी औंस सोनं असल्याचं सांगत होती आणि बाजारात तिचं मोल सहा अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत चढलं होतं. तिथे कोअर अर्धा राखून न ठेवता जवळजवळ सगळा दळून लॅबला जायचा. म्हणजे पुन्हा तपासायला मागे काहीच उरत नव्हतं. चाचणीत दिसणारे सोन्याचे कण नदीतल्या सोन्यासारखे गोल कडांचे होते, हेही डोळ्यांसमोर होतं. १९९७ च्या सुरुवातीला भागीदार होऊ घातलेल्या फ्रीपोर्ट कंपनीने ड्यू डिलिजन्स म्हणून जुन्या भोकांच्या शेजारी स्वतःची भोकं मारली, आणि सोनं नगण्य निघालं. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार संस्थेने नमुन्यांत सोनं मिसळल्याचं सांगितलं आणि खेळ संपला. कॅनडाचा तो ४३-१०१ नियम याच प्रकरणाच्या पोटी जन्मला.

म्हणून शेजारी भोक मारायला वेळ आणि पैसा असेल तर मारा. नसेल तर किमान वीस-तीस नमुने स्वतः निवडा, समोर उभं राहून कापून घ्या, पिशव्या स्वतः सीलबंद करा आणि स्वतःच्या गाडीतून वेगळ्या लॅबला न्या. रात्री त्या हॉटेलच्या खोलीत पलंगाखाली राहतात. लोक हसतात, हसू द्या.

लॅबच्या गुणवत्तेचे तक्ते बघताना तीन गोष्टी शोधा. ग्रेड आधीच माहीत असलेले स्टँडर्ड, धातू नसलेले ब्लँक आणि एकाच नमुन्याचे जोड. साधारण वीस नमुन्यांत प्रत्येकाचा एकेक असावा. फसलेले स्टँडर्ड दिसले म्हणून मी दचकत नाही. ते फसतातच. फसल्यावर कुणी काय केलं ते मी बघते. ती बॅच परत लॅबला गेली का, त्याचं पत्र आहे का? हजारो नमुन्यांत एकही स्टँडर्ड फसलेलं नसेल, तर मात्र मी खुर्ची ओढून बसते.

आता घनता. ग्रेडवर सगळ्यांचा डोळा असतो, घनता पोरकी असते. पण टन म्हणजे आकारमान गुणिले घनता, म्हणजे घनतेतली चूक जशीच्या तशी टनांत उतरते. एका प्रकल्पात वरचा साठ-सत्तर मीटर खडक कुजलेला, स्पंजासारखा होता, आणि रिपोर्टमध्ये त्याची घनता २.३५ लिहिलेली होती. मी शेडमधल्या मुलाला म्हटलं, "नेहमी करतोस तसं एकदा करून दाखव." त्याने ओव्हनमध्ये वाळवलेला तुकडा काट्यावर तोलला, आकडा लिहिला, मग तारेच्या जाळीत घालून पाण्याच्या बादलीत सोडला. तुकड्यातून बुडबुडे निघायला लागले. बारीक, एकामागून एक, थांबेचनात. आम्ही दोघंही बघत राहिलो. ते बुडबुडे म्हणजे छिद्रांतली हवा, आणि तिच्या जागी पाणी शिरत होतं. पाण्यातलं वजन जास्त दिसतं, त्यामुळे आकारमान कमी निघतं आणि घनता वाढते. तुकड्याला आधी मेण लावून छिद्रं बुजवली की हे होत नाही.

"मेण लावत नाहीस?"

"मेण संपलंय मॅडम. मागवलंय."

कधी मागवलंय ते विचारल्यावर तो ओशाळून हसला. शिवाय तो तोलायला अख्खे, धडधाकट तुकडेच निवडत होता, कारण भुसभुशीत तुकडे जाळीत टिकत नाहीत. त्याची चूक नव्हती. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही बाजारातून मेण आणून, मऊ तुकड्यांसकट, पन्नासेक नमुने पुन्हा केले. सरासरी १.९८ आली. त्या थरातले जवळपास १६ टक्के टन कागदावरून उडाले. तो थर वरचा, म्हणजे पहिल्या वर्षांत खणायचा, म्हणजे कर्जफेडीचा. चारशे पानी रिपोर्टमध्ये घनतेला अर्धं पान होतं.

भिंती आणि पाणी

ड्रिलिंगचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर खाणीची अंतिम सीमा आखा. जवळजवळ सगळी भोकं मधोमध असतील, कारण ती खनिज शोधायला मारलेली असतात. भिंती मात्र कडेच्या टाकाऊ खडकात उभ्या राहणार असतात. तिथे दिशा मोजून कोअर काढलेली भोकं किती, तड्यांचं मोजमाप कुणी घेतलं, भिंतीमागची पाण्याची पातळी कुणी मोजली? "तीन भोकं आहेत" असं उत्तर आलं तर चारही भिंतींचा ४५ अंशांचा उतार हा 'गृ' आहे. रिपोर्टमध्ये तो कितीही ठामपणे छापलेला असो.

तीन अंशांनी काय बिघडतं, ते पाठकोऱ्या कागदावर करून बघा. खाण ३०० मीटर खोल, उतार ४५ अंश, तर भिंतीचं टोक ३०० मीटर मागे. उतार ४२ केला की ते ३३३ मीटरवर जातं. मधला त्रिकोण दर मीटर लांबीला सुमारे ५,००० घनमीटर. एक किलोमीटर भिंतीला ५० लाख घनमीटर, म्हणजे २.७ घनतेने सव्वा कोटी टनांच्या वर टाकाऊ दगड. तो फोडायचा, भरायचा, वाहायचा आणि कुठेतरी ठेवायचा, आणि त्यातून कवडी मिळत नाही.

अमेरिकेतल्या युटामधल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत १० एप्रिल २०१३ ला भिंत कोसळली, त्याच दिवशी सुमारे दीड तासाच्या अंतराने दोनदा. कुणाला ओरखडाही उठला नाही, कारण भिंत आधीपासून सरकत होती, रडार ते मोजत होतं आणि माणसं वेळेत बाहेर काढली होती. म्हणून मी रडार आहे का एवढ्यावर थांबत नाही. रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर खाण रिकामी करायचा अधिकार कुणाला आहे, हे विचारते. शिफ्टचा सुपरवायझर "मला" म्हणाला तर बरं. "मॅनेजरना फोन करतो" म्हणाला तर ते वहीत जातं.

प्लांट

इथे मी मेटलर्जिस्ट, म्हणजे खनिजातून धातू काढण्यातला तज्ज्ञ, सोबत नेते. आपल्याला जे कळत नाही त्याला माणूस घ्यावा. पण दोन प्रश्न कुणीही विचारू शकतं.

पहिला, चाचणीचा नमुना कुठून घेतला? रिपोर्टमध्ये '९२ टक्के रिकव्हरी' असतं, म्हणजे खनिजातला तेवढा धातू हाती लागणार. खाली, तक्त्याच्या तळटिपेत, तो नमुना साठ्याच्या मधल्या, खोल, ताज्या भागातला असतो. खाणकाम मात्र वरून सुरू होतं. वरचं खनिज हवा-पाण्याने अर्धवट बदललेलं असतं आणि बऱ्याचदा वेगळंच वागतं. वर्ष १, २, ३ च्या खनिजाचे नमुने वेगळे तपासलेत का, ते बघा. रिकव्हरीचा एकच आकडा पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सरळ रेषेत गेलेला दिसला, की समजा कुणी विचारच केलेला नाही.

दुसरा, खडक किती कडक? दळायला टनाला किती किलोवॅट-तास लागतात यासाठी बाँड वर्क इंडेक्स हा आकडा वापरतात. प्लांट १३ वर डिझाइन केलाय आणि खडक १६ चा निघाला, तर तीच मिल, तीच मोटर, तेवढाच बारीकपणा धरून टन ८१ टक्क्यांवर येतात. बाकी सगळा खर्च जिथल्या तिथे.

तासांचंही बघा. वर्षाचे ८,७६० तास, ९२ टक्के उपलब्धता म्हणजे ८,०५९. ते चालत्या प्लांटला ठीक आहे. पहिल्याच महिन्यापासून लावलं असेल, तर मॉडेल लिहिणाऱ्याने नवा प्लांट कधी सुरू होताना पाहिलेला नाही.

टेलिंग्ज

दोन दिवस असतील तर एक इथे घालवा. बाकी चुका पैसे बुडवतात, इथली चूक माणसं बुडवते.

माझी गोष्ट इथलीच. करिअरच्या सुरुवातीला एका साइटवर तिसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, पाऊस लागला होता, बांधाच्या पायथ्याला जाणारा रस्ता चिखलात गेला होता. तिथल्या इंजिनिअरने मोबाइलवर महिन्याभरापूर्वीचे फोटो दाखवले. स्वच्छ, कोरडा पायथा. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पायथ्याशी पाझर आढळला नाही.' व्याकरणाने बरोबर होतं ते. मी तिथे गेलेच नव्हते, मग आढळणार काय? काही महिन्यांनी दुसरा तपासनीस त्याच पायथ्याशी उभा राहिला तेव्हा गढूळ पाणी झिरपत होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून जायला लागलीय. वेळेत दुरुस्ती झाली, कुणाला काही झालं नाही. पण माझं ते वाक्य माझ्या सहीने बँकेच्या फाईलमध्ये होतं. तेव्हापासून 'पा', 'सां', 'गृ'. आणि जिथे गेले नाही तिथे 'गेले नाही' असं लिहिते, कारणासकट.

ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योचा बांध २५ जानेवारी २०१९ ला फुटला आणि २७० माणसं गेली. तो ८६ मीटर उंच होता आणि अपस्ट्रीम पद्धतीने वाढवलेला होता. म्हणजे प्रत्येक नवा कठडा आधीच्या टेलिंग्जच्याच अंगावर उभा. २०१६ पासून त्यात नवं काही टाकलं जात नव्हतं, आणि त्याच्या स्थिरतेचं सर्टिफिकेट होतं. फुटण्याआधी बांध सरकल्याची म्हणण्यासारखी खूण दिसली नव्हती. आतले पाण्याने भरलेले टेलिंग्ज अचानक द्रवासारखे झाले आणि बांध काही सेकंदांत गेला. कंपनीचं कार्यालय आणि कँटीन त्याच्या वाटेत होतं. बिंगहॅमची भिंत महिनोन्‌महिने सांगत होती, इथे सांगायला वेळच नव्हता. म्हणून अपस्ट्रीम बांध आणि आत पाणी असं जोडीने दिसलं की 'नजर ठेवलेली आहे' हे उत्तर मी मोजतच नाही.

कॅनडातल्या माउंट पॉलीचा बांध ऑगस्ट २०१४ मध्ये गेला तो पायामुळे. खाली जुन्या हिमनदीच्या तळ्यात साचलेला चिकणमातीचा थर होता आणि वरचं ओझं वाढल्यावर तो कसा वागेल ते डिझाइनने धरलं नव्हतं. म्हणजे बांधाच्या अंगात भोकं मारून भागत नाही, पायात किती मारली आणि किती खोल, ते मागा.

बांधावर चढल्यावर आधी तळं बघा. पाणी कठड्यापासून किती लांब आहे? डिझाइनमध्ये शंभर मीटरचा किनारा असतो आणि प्रत्यक्षात पाणी कठड्याला टेकलेलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग पाठ फिरवून खाली बघा. बांध फुटला तर चिखल कुठून जाईल? त्या वाटेत कोण जेवतं, कोण झोपतं? ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंग्जचं जागतिक मानक आलं. त्यात प्रत्येक बांधाला जबाबदार वरिष्ठ अधिकारी, नेमून दिलेला इंजिनिअर आणि स्वतंत्र तपासणी सांगितलीय. साइटवर विचारा की या बांधाचा इंजिनिअर कोण आणि तो किती वर्षांपासून आहे. दहा वर्षांत चार बदलले असतील तर चौथ्याला पहिल्याचं काही ठाऊक नसतं. ते चौघे का गेले, हेही एकदा शोधून बघण्यासारखं असतं.

टाकाऊ दगडात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाण्याने आम्ल तयार होतं, आणि खाण बंद झाल्यावरही ते पाणी वाहतच राहतं. त्याच्या आर्द्रता-कक्षातल्या चाचण्या किमान २० आठवडे चालतात. सहा आठवड्यांचा निकाल दाखवून "आम्ल होत नाही" म्हणणाऱ्याला उरलेले चौदा आठवडे थांबायला सांगा.

परवाने, गाव, रस्ता

रस्ता, वीज, पाणी यांबद्दल एकच: करार सहीचा आहे की 'बोलणी चालू' आहेत? बोलणी चालू म्हणजे 'गृ'.

परवाना हातात आहे म्हणून सगळं झालं असंही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जूकन घळीतल्या गुहांमध्ये ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या. मे २०२० मध्ये रिओ टिंटोने लोहखनिजासाठी त्या सुरुंगाने उडवल्या. कायद्याची परवानगी २०१३ पासून खिशात होती. तरीही त्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखाला पद सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं. तेव्हा मी आसपासच्या माणसांना कंपनीच्या माणसाशिवाय भेटते. दुभाषा माझा असतो.

धोके पैशात मोजणं

आता सगळं एकत्र करायचं. कंपनी धोक्यांचा रंगीत तक्ता देते, शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, आणि गुणाकार. ट्रक उशिरा येण्याची शक्यता ५ आणि परिणाम १, गुण ५. बांध फुटण्याची शक्यता १ आणि परिणाम ५, गुण ५. दोघेही एकाच रंगात शेजारी बसतात. मी माणसं मारू शकणारे धोके तक्त्यातून उचलून वेगळ्या कागदावर घेते आणि तिथे शक्यता लिहीतच नाही. प्रत्येकापुढे तीन रकाने: हे कशामुळे अडतं, ते कोण तपासतं, शेवटचं कधी तपासलं. तिसऱ्या रकान्यात तारीख नसेल तर पहिला रकानाही खोटा धरते.

उरलेले धोके मॉडेलमध्ये घाला. कंपनीचा तक्ता एका वेळी एकच आकडा हलवतो. भाव दहा टक्के खाली, नफा अजून शिल्लक. रिकव्हरी पाच टक्के खाली, शिल्लक. पण अडचणी रांग लावून एकेक येत नाहीत. टन ५ टक्के कमी, ग्रेड ५ टक्के कमी, मिसळणाऱ्या दगडाने आणखी ५, रिकव्हरी ४. एकेकटी कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. गुणाकार करा: ०.९५ × ०.९५ × ०.९५ × ०.९६, म्हणजे ०.८२. मिळकत १०० ऐवजी ८२. खर्च ७५ धरला होता आणि तो बहुतेक तेवढाच राहतो. २५ चा नफा ७ वर आला, आणि अजून भावाला आपण हातही लावलेला नाही. हे चार आकडे एकत्र का पडतात त्याचं कारणही असतं. कुजलेला खडक मऊ म्हणून कडा ढासळतात, दगड जास्त मिसळतो, चिकणमातीने मिल तुंबते, रिकव्हरी घसरते. मूळ एकच, आणि ते कोअर शेडमध्ये दिसलेलं असतं. म्हणूनच भूगर्भतज्ज्ञ, खाण-इंजिनिअर आणि मेटलर्जिस्ट यांना एका टेबलाशी बसवून विचारा की तुमचा आकडा यांच्या आकड्यावर अवलंबून आहे का. गप्पांतून जे निघतं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं.

लिहिताना

मसुद्यातली निव्वळ वस्तुस्थिती, मतं वगळून, प्रकल्पाच्या लोकांना आधी दाखवते. चुका ते दुरुस्त करतात आणि पुढे भांडण होत नाही. मतं बदलून मागतात. ती नाही बदलायची.

पैसे देणाऱ्याला शेवटी एकच उत्तर हवं असतं, द्यायचे की नाही. ते उत्तर माझं नाही. मी तीन खण करते: पैसे देण्याआधी व्हायलाच हवं ते, पैसे दिल्यावर इतक्या महिन्यांत हवं ते, आणि पैशाने सुटणार नाही ते. त्या मेणवाल्या प्रकल्पात घनता पहिल्या खणात गेली. वरचा थर पुन्हा मोजा, साठ्याचं मॉडेल पुन्हा चालवा, कर्जफेडीचं वेळापत्रक नव्या टनांवर मांडा. चार महिने लागले आणि कर्जाची रक्कम कमी झाली. तिथलं कँटीन टेलिंग्जच्या बांधाखाली होतं, ते हलवणंही मी पहिल्या खणात टाकलं होतं. त्यावर मात्र बैठकीत कुणीतरी विचारलं, "ते दुसऱ्या खणात चालणार नाही का?"

"तोवर जेवायला कुठे पाठवणार?" मी विचारलं. ते पहिल्याच खणात राहिलं.